कासवाला पाणी कमी पडतंय, आणि तीच तक्रार पुन्हा पुन्हा येतेय? असं शोधा

सगळ्यात आधी पांढरं बघा. जमिनीवरचं कासव लघवीबरोबर एक पांढरा पदार्थ टाकतं, त्याला युरेट म्हणतात. आपल्या शरीरातला नायट्रोजनचा कचरा युरियाच्या रूपात भरपूर पाण्यात विरघळून बाहेर पडतो. या कासवांचा बराचसा कचरा युरिक ॲसिडच्या रूपात, जवळजवळ घट्टच, बाहेर टाकला जातो. पाणी वाचवायची ही त्यांची सोय आहे, आणि आपल्यासाठी घरबसल्या करता येणारी सगळ्यात खात्रीची तपासणीही.

पाणी पुरेसं असेल तर पांढरा भाग दह्यासारखा किंवा टूथपेस्टसारखा मऊ असतो. कमी पडायला लागलं की तो रवाळ होतो, मग वाळूसारखा आणि शेवटी खडूच्या तुकड्यासारखा कडक. हातमोजा घालून किंवा टिश्यूच्या आडून चिमटीत चोळून बघा, नुसत्या नजरेला फसायला होतं.

बाकीची लक्षणं अशी:

- डोळे आत गेल्यासारखे दिसणं
- मान आणि पायांची कातडी सैल, कोरडी, सुरकुतलेली
- तोंड उघडलं की लाळेची चिकट तार
- शी कोरडी, कडक गोळ्यांसारखी, किंवा बरेच दिवस न होणं
- खाणं मंदावणं, दिवसभर एका कोपऱ्यात पडून राहणं
- हातात घेतल्यावर नेहमीपेक्षा हलकं वाटणं

डोळे आत न जाता सुजून बंद झाले असतील, किंवा नाकातून बुडबुडे येत असतील, तर हा लेख बाजूला ठेवा. त्याची कारणं बहुतेक वेगळी असतात आणि त्यासाठी थेट पशुवैद्याकडेच जावं लागतं.

माझ्याकडे दोन सुलकाटा आणि एक हर्मन आहे, या दोन्ही जमिनीवरच्या कासवांच्या जाती. त्याखेरीज ओळखीपाळखीतली कासवं अधूनमधून सांभाळायला येतात, त्यामुळे हा दोष मी बऱ्याच वेळा निस्तरला आहे. जवळपास प्रत्येक वेळी गोष्ट एकच असते. मालक सांगतात, "दोन-तीन दिवस कोमट पाण्यात बसवलं की एकदम ताजंतवानं होतं. पंधरा दिवसांनी परत तसंच." याचा अर्थ पाण्यात बसवणं चुकलेलं नाही. आत जाणाऱ्या पाण्याकडे सगळे बघतात, बाहेर जाणाऱ्या पाण्याकडे कुणी बघत नाही. श्वासातून आणि कातडीतून पाणी सतत उडत असतं. जागा गरम आणि कोरडी असेल तर आपण भरत राहतो आणि ते उडत राहतं.

आणखी एक गोष्ट. आपल्या भाषेत तळ्यातलं ते कासव आणि माळरानावरचंही कासवच. त्यामुळे गोंधळ दोन्ही बाजूंनी होतो. कुणी जमिनीवरचं कासव काचेच्या टाकीत पाणी भरून ठेवतं आणि ते बुडून मरतं, कारण त्याला पोहता येत नाही. कुणी म्हणतं, "हे तर जमिनीवरचं, याला पाणी कशाला?" आणि ते महिनोन्महिने आतून सुकत जातं. पुढचं सगळं फक्त जमिनीवरच्या कासवांबद्दल आहे: पाय हत्तीसारखे खांबट, बोटांमध्ये पडदा नाही.

पहिली तपासणी: पाण्याचं भांडं

भांडं भरलेलं आहे याचा अर्थ कासव पाणी पितंय असा होत नाही. भांडं रिकामं झालं म्हणजे प्यायलं, असंही नाही. उष्ण दिव्याखाली ठेवलेलं भांडं आपोआप आटतं. खात्री करायची असेल तर तसंच दुसरं भांडं, तेवढंच पाणी घालून, दिव्यापासून तेवढ्याच अंतरावर पण कासवाचं तोंड पोहोचणार नाही असं ठेवा. संध्याकाळी दोन्ही मोजा. फरक पडला नसेल तर कासवाने भांड्याला तोंडसुद्धा लावलेलं नाही.

नेहमीचं कारण काठ असतो. वाटीचा काठ उंच असेल तर कासव त्यावरून डोकं आत घालत नाही. काठ गुळगुळीत असेल तर चढता येत नाही, आणि चढलंच तर उलटं पडायची भीती. कुंडीखाली ठेवतात ती मातीची पसरट ताटली सगळ्यात चांगली. ती मातीत रोवा, म्हणजे काठ जमिनीच्या पातळीला येईल. कासवाला आत चालत जाऊन उभं राहता आलं पाहिजे, आणि पाण्याबाहेर डोकं सहज राहिलं पाहिजे. ताटली थेट दिव्याखाली नको. पाणी रोज बदला, कारण कासवं त्याच पाण्यात शी करतात आणि घाण पाणी टाळतात.

दुसरी: वजनकाटा

ग्रॅम दाखवणारा साधा डिजिटल काटा घ्या. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, खाण्याआधी वजन करा आणि वहीत लिहा. एका आकड्याला काही अर्थ नसतो, ओळ पाहायची असते. भरपूर पाणी पिऊन मग एका दमात लघवी केली की वजन एकाच दिवसात बरंच वर-खाली होतं, त्यामुळे एका घसरणीने घाबरू नका. सलग तीन-चार आठवडे उतरतं असेल तर मात्र ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. वाढत्या पिल्लाचं वजन नुसतं जागच्या जागी राहिलं, तरी माझ्या लेखी ती तक्रारच.

हाच काटा दुसऱ्या कामालाही येतो. पाण्यात बसवण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, वजन करा. ४०० ग्रॅमचं कासव ४१५ ग्रॅम होऊन बाहेर आलं, तर ते नक्की प्यायलं आहे. शी-लघवी केली असेल तर प्रत्यक्षात याहूनही जास्त प्यायलं असेल. वजन तेवढंच आणि पाणीही स्वच्छ, तर ते नुसतं बसून आलं.

तिसरी: पाण्यात बसवण्याची पद्धत

इथे बारीकसारीक चुका फार होतात. पाणी साधारण ३० अंश सेल्सियस हवं. आपल्या अंगाचं तापमान ३७, त्यामुळे ३० अंशांचं पाणी हाताला जेमतेम कोमट लागतं, किंचित गारच म्हणा. हाताला छान ऊन लागणारं पाणी कासवाला जास्त होतं. थर्मामीटर वापरा. पाणी किती खोल? वरचं कवच आणि खालचं कवच जिथे जुळतं तिथपर्यंत. मान न ताणता नाक पाण्याबाहेर राहिलं पाहिजे.

टब अपारदर्शक घ्या. काचेचा किंवा पारदर्शक डबा असला की कासव सगळा वेळ भिंतीला नखं घासत पलीकडे जायचा प्रयत्न करतं, पीत नाही. वीस ते तीस मिनिटं बसवा. पाणी गार पडलं तर पुन्हा कोमट घाला. कासवाला एकटं सोडून जाऊ नका, उलटं झालं तर चार बोटं पाण्यातही ते बुडू शकतं. पिताना ते हनुवटी पाण्यात टेकवतं आणि गळा हलत राहतो. बऱ्याचदा पिऊन झालं की लगेच लघवी करतं, आणि हाच पांढरं तपासण्याचा सगळ्यात चांगला क्षण. तेव्हा फोटो काढून ठेवा, पुढे उपयोगी पडतो.

पिल्लांना रोज, एक-दोन वर्षांच्या कासवांना आठवड्यातून दोन-तीनदा, मोठ्यांना एकदा, हे मी पाळतो. युरेट रवाळ दिसला की वारंवारता वाढवायची. बाहेर काढल्यावर अंग पुसा, विशेषतः रात्र गार असेल तर.

पीत नसेल तर सिरिंजने तोंडात पाणी घालू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, आणि कासवाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्यामुळे चुकून आत गेलेलं पाणी ते जोरात खोकून बाहेर काढू शकत नाही. ते फुप्फुसात जातं. आपल्यासाठी असलेली साखर-मिठाची पेयं, पाण्यात मिसळायची जीवनसत्त्वं, यातलं काहीही नको. साधं स्वच्छ पाणी पुरतं. कासवांच्या शी-पाण्यात साल्मोनेला हे जंतू असू शकतात, त्यामुळे हा टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका आणि नंतर हात साबणाने धुवा.

याच टप्प्यावर एक प्रश्न स्वतःला विचारा: कासवाला दिवसातून किती वेळा उचललं जातं? अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातली कासवं पाऊस आला की पिऊन घेतात, ते पाणी मूत्राशयात साठवतात आणि कोरड्या काळात तिथूनच परत शोषून घेतात. म्हणून रानात त्यांना उगाच उचलू नये असं सांगतात. घाबरून लघवी केली की साठाच संपतो. पाळलेल्या कासवाचंही तेच. घरात लहान मुलं असतील आणि कासव दिवसभर हातातून हातात फिरत असेल, तर पाण्याचा हिशोब तिथेच बिघडतो. एका घरी मी दुसरं काहीही बदललं नाही, फक्त उचलणं थांबवायला लावलं, आणि महिन्याभरात रवाळपणा गेला.

चौथी: तापमान

गार पडलेलं कासव पीत नाही, खात नाही आणि पचवतही नाही. फार तापलेलं कासव पाणी झपाट्याने गमावतं. त्यामुळे जागेत एक गरम टोक आणि एक सौम्य टोक हवं. ऊन खायच्या जागी साधारण ३२ ते ३५ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५ च्या आसपास, हे बहुतेक जातींना चालतं. आपल्या जातीचे आकडे मात्र स्वतः पक्के करा. मोजायचं ते कासवाच्या पाठीच्या उंचीवर. भिंतीवर चिकटवलेला थर्मामीटर भिंतीचं तापमान सांगतो.

दिवा एका बिंदूवर झोत टाकणारा असेल आणि फार खाली टांगला असेल, तर कवचाचा वरचा भाग भाजल्यासारखा सुकतो आणि पोटाशी मात्र गार. दिवा वर घ्या, नाहीतर दोन सौम्य दिवे शेजारी शेजारी लावा, म्हणजे ऊब कासवाच्या आकाराएवढ्या जागेवर पसरते.

पाचवी, आणि बहुतेक वेळा दोष सापडतो तो इथेच: हवेतला ओलावा

आर्द्रता मोजायचा हायग्रोमीटर कासवाच्या उंचीवर ठेवा. स्वस्तातले सुईवाले मापक बरेच चुकतात, म्हणून आधी तेच तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात थेंब थेंब पाणी घाला, ओल्या वाळूसारखं होईपर्यंत. विरघळून पाणी व्हायला नको. ते झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात आठ-दहा तास ठेवा. खोलीच्या तापमानाला आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मापक ६५ दाखवत असेल तर ते १० ने कमी दाखवतंय, हे लक्षात ठेवून वाचा.

बहुतेक घरी हा आकडा तिशीच्या घरात निघतो आणि मालकांना धक्का बसतो. उघडा टेबलट्रे, वर दिवा, खाली कोरडा लाकडी भुसा: कपडे वाळवायला याहून चांगली जागा नाही. खोलीतला हीटर किंवा एसी त्यात भर घालतो.

"पण हे वाळवंटातलं कासव आहे ना?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याबद्दल सविस्तर लिहिलंच पाहिजे. सुलकाटा सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं, खरंय. पण ते तिथे उघड्यावर भाजत बसत नाही. ते खोल बिळं खणतं आणि कडक उन्हाचा काळ बिळात काढतं. बिळातली हवा बाहेरच्यापेक्षा गार आणि दमट असते. मोहावीतली कासवंही आयुष्याचा बहुतांश काळ जमिनीखालीच असतात. आपण त्यांना वाळवंटाची वरची बाजू दिली आणि बीळ द्यायचं विसरलो.

पिल्लांच्या बाबतीत हे कवचावर कायमचं उमटतं. २००३ साली वीझनर आणि इबेन यांचा सुलकाटाच्या पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांच्या कवचावर उंच टेंगळं आली, म्हणजे पिरॅमिडिंग झालं, आणि दमट हवेतल्या पिल्लांचं कवच बरंच सपाट राहिलं. आहारातल्या प्रथिनांचा परिणाम त्यामानाने किरकोळ होता. एकदा आलेलं टेंगूळ परत बसत नाही. नवीन वाढ तेवढी सपाट करता येते.

उपाय असा. खाली किमान १० सेंटिमीटर थर द्या: नारळाच्या काथ्याचा भुसा आणि खत-औषध नसलेली माती. कडेकडेने पाणी ओता, म्हणजे खालचा थर ओला राहतो आणि वरचा जवळपास कोरडा. वरूनच फवारत राहिलं तर कासवाचं पोट सतत ओलं राहतं आणि खालच्या कवचाला कुज लागू शकते. एका कोपऱ्यात लपायची बंद खोकी ठेवा, छोटं दार असलेली, आत ओलसर शेवाळ किंवा काथ्या. हेच त्याचं बीळ. ट्रेचा वरचा भाग अर्ध्याहून जास्त झाका, पण दिव्याजवळ प्लास्टिक येऊ देऊ नका.

ओलावा वाढवताना ऊब सोडू नका. दमट आणि उबदार चालतं, दमट आणि गार मात्र नाही. त्यातून न्यूमोनियासारखे श्वासाचे आजार होतात, आणि भूमध्य समुद्राकाठच्या जातींना तर जास्तच. किती ओलावा ठेवायचा तेही जातीवर अवलंबून आहे. दक्षिण अमेरिकेतलं रेडफूट पावसाळी मुलखातलं, त्याला ७० टक्क्यांच्या वर हवा आवडते. प्रौढ हर्मन किंवा रशियन कासवाला तेवढं नको, पण त्यांच्याही पिल्लांना ओलसर लपायची जागा हवीच.

सहावी: खाणं

पाण्याचा मोठा भाग पाल्यातून जातो. वाळलेल्या गवतावर आणि कोरड्या पेलेट्सवर ठेवलेलं कासव पितं तेवढ्यावरच जगत असतं. पाला धुऊन तसाच ओला द्या, पेलेट्स भिजवून द्या. निवडुंगाचं काटे काढलेलं पान पाणी आणि तंतू दोन्ही देतं. काकडीत ९५ टक्के पाणी असलं तरी तिचं जेवण करू नका, पोषण नगण्य. आजारातून उठणाऱ्या कासवाला आमिष म्हणून ठीक. प्रथिनांचा भडिमार, म्हणजे कुत्र्या-मांजराचं खाणं किंवा अंडी, हा गवत-पाल्यावर जगणाऱ्या जातींना त्रासच. जितकी प्रथिनं तितकं युरिक ॲसिड, आणि ते बाहेर टाकायला तितकं पाणी.

शीतनिद्रा घेणाऱ्या जाती

हर्मन, ग्रीक, रशियन यांच्यासाठी फक्त. सुलकाटा, रेडफूट आणि स्टार कासवाला शीतनिद्रा नसते, त्यांना गार करू नका. झोपण्याआधीच्या आठवड्यांत पाण्यात बसवणं वाढवा. साठवलेलं पाणी हाच त्या काळातला आधार असतो. झोपेत खोक्यात लघवी केलेली दिसली तर झोप तिथेच थांबवा आणि हळूहळू उबेत आणा, कारण तो साठा गेला. जागं झाल्यावर त्याला आधी ऊब आणि कोमट पाणी द्या, खाणं त्यानंतर. इतके दिवस साठलेलं युरिक ॲसिड आधी बाहेर पडायला हवं.

इथे थांबा आणि पशुवैद्य गाठा

वरचे सगळे बदल केल्यावर दोन आठवड्यांत युरेट मऊ व्हायला हवा. नाही झाला तर घरचे प्रयोग बंद. खालीलपैकी काही दिसलं तर दोन आठवडेही थांबू नका:

- कुंथतंय पण काही बाहेर येत नाही, किंवा लघवीत रक्त
- मागचे पाय ओढत चालणं
- शेपटीखालून आतला भाग बाहेर आलेला (तो ओलसर ठेवा, स्वतः आत ढकलू नका)
- सांधे सुजलेले
- डोळे आत गेलेलं पिल्लू. लहान जिवात साठा नसतो, ते मोठ्यापेक्षा फार लवकर ढासळतं
- योग्य उबेत असूनही आठवडाभर काही न खाणं
- मादी बेचैन होऊन सारखी खणतेय, मग एकदम मलूल पडलीय. अंडी अडकली असू शकतात

कुंथणं आणि पाय ओढणं यामागे मूत्राशयातला खडा असू शकतो. युरेट साठत साठत दगड होतो आणि तो पाण्यात बसवून विरघळत नाही. मोठा असेल तर कधीकधी खालचं कवच कापून शस्त्रक्रिया करावी लागते. एका कासवाच्या बाबतीत मी तीन आठवडे "अजून थोडं पाण्यात बसवू" म्हणत घालवले होते. एक्स-रेमध्ये लिंबाएवढा खडा निघाला. ते वाचलं, पण ते तीन आठवडे मी त्याला विनाकारण वेदनेत ठेवलं, हे मला अजून टोचतं. म्हणून कुंथताना दिसलं की आता मी त्याच दिवशी निघतो.

पशुवैद्य सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेलाच हवा. फोन करूनच विचारा: तुम्ही कासवं बघता का, एक्स-रे होईल का, रक्तातलं युरिक ॲसिड तपासता येईल का? पाणी फारच कमी झालेलं असेल तर ते कोमट सलाईन इंजेक्शनने देतात. हे घरी करायचं काम नाही.

जाताना वजनाची वही, युरेटचे तारखेसह फोटो आणि जागेचं तापमान-आर्द्रतेचे आकडे न्या. कासव बंद, हवेशीर खोक्यात, अंगाखाली ओलसर टॉवेल घालून, उबेत ठेवा. ताजी शी मिळाली तर स्वच्छ डबीत घ्या. त्यात जंत तपासता येतात, आणि पाणी नीट असूनही वजन उतरत असेल तर कारण तिथेही सापडू शकतं.